पडद्यावरचा डाग

“हा आधी कुणी वापरलेला नाही कशावरून?” भिंगकाकांनी विचारलं.

दुकानदार कात्री घेऊन खोक्यावर वाकला होता, तो तसाच थांबला. “काका, सील आहे ना. बघा. तुमच्यासमोरच फोडतोय.”

“सील काय, हवी तेवढी छापून मिळतात. आमच्याच छापखान्यात छापून देऊ आम्ही.”

लेकीने छताकडे पाहिलं. दुकानात शिरल्यापासून तिच्या वडिलांनी वॉरंटीच्या कार्डावर, भिंतीवर टांगलेल्या मॉनिटरच्या रंगांवर आणि पंख्याखाली पेंगणाऱ्या नोकरावरसुद्धा संशय घेऊन झाला होता. दाराजवळच्या मॉनिटरवर काळ्याभोर पाण्यात भडक रंगाचे मासे पोहत होते. “हे मुद्दाम लावतात,” ते तिच्या कानात पुटपुटले होते. “असल्या चित्रात कुठलाही पडदा झकासच दिसणार. म्हणावं, एक कोरा राखाडी कागद लाव आणि मग बोल.”

मॉनिटर लेकीला हवा होता. दिवसा ती घरी बसून एका जहाज कंपनीचं काम करायची; कुठला कंटेनर कुठल्या बंदराला लागला, याची पत्रकं भरायची. संध्याकाळी त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत ती खेळायची. तिचा चौघांचा संघ होता. बाकीच्या तिघांना ती प्रत्यक्षात कधी भेटलेली नव्हती, पण त्यांच्यासाठी जिवावर उदार होऊन रोज लढत होती. संघात तिचं काम पुढे घुसून अंधारात कोण दबा धरून बसलंय ते हेरायचं. आणि घरातल्या जुन्या मॉनिटरवर अंधार म्हणजे नुसती राख दिसायची. त्या राखेतून शत्रू उठायचा तेव्हा फार उशीर झालेला असायचा.

“साध्या पडद्यामागे सतत दिवा जळत असतो,” दुकानदार समजावत होता. “म्हणून काळा रंग पुरता काळा होत नाही. या ओलेडमध्ये एकेक ठिपका स्वतःच उजळतो. काळं हवं असेल तिथे ठिपका सरळ बंद. शिवाय चित्र एवढं चपळ, की ताईंनी मान वळवायच्या आत...”

“खोट काय आहे?”

“अं?”

“एवढं सगळं चांगलं आहे, तर खोट काय आहे? काहीतरी असणारच.”

दुकानदाराने कात्री खाली ठेवली. माणूस तसा सरळ होता. “आहे. एकच चित्र रोज तासन्‌तास ठेवलं, तर त्याची सावली पडद्यावर बसू शकते. ताई दिवसा पत्रकं उघडी ठेवणार म्हणतात, म्हणून सांगतोय. खालची पट्टी लपवून ठेवायची, उजेड बेताचा ठेवायचा. बंद केल्यावर तो आपला आपण साफसफाई करतो, तेव्हा वायर उपटायची नाही. आणि अगदी बारीक अक्षरांच्या कडेला काहींना रंगाची झाक दिसते. बास, एवढंच.”

“ऐकलंस? डाग पडतात.”

“बाबा, त्यांनी स्वतःहून सांगितलं.”

“हा एवढं स्वतःहून सांगतोय, म्हणजे याहून मोठं काहीतरी पोटात ठेवलंय.”

शेवटी तोच मॉनिटर घ्यायचं ठरलं, कारण पगार लेकीचा होता आणि जीभही तिचीच चालली. दुकानदार बिल करायला आत वळला, तेवढ्यात भिंगकाकांनी खिशातली पेन्सिल काढून मॉनिटरच्या बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशी एक बारीक खूण करून ठेवली. घरी पोचेपर्यंत पेटी बदलली तर कळायला हवं.

भिंगकाकांना सगळा छापखाना याच नावाने ओळखायचा. तिथे औषधांची खोकी छापली जात. यंत्रावरून ताव उतरत राहायचे आणि त्यातला मधूनमधून एक ताव काढून भिंगकाकांच्या टेबलावर आणला जायचा. ते डावा डोळा मिटायचे, उजव्या डोळ्याला भिंग लावायचे आणि तावावर ओणवे व्हायचे. कुठे शाई फाटलीय, कुठे अक्षर सुजलंय, कुठे केसाएवढा रंग सरकलाय, त्यांना दिसायचंच. मग ‘चालू दे’ किंवा ‘थांबव’, यांतला एक शब्द. ‘थांबव’ म्हटलं की एवढं मोठं धूड गप्प उभं राहायचं. आयुष्यभर पगार याचाच मिळाला, की समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही. ती सवय मग भाजीच्या जुडीपासून लेकीला आलेल्या स्थळांपर्यंत सगळीकडे पसरली. बायको म्हणायची, “मला बघायला आले तेव्हा भिंग घरी विसरले होते, म्हणून माझं लग्न झालं.”

घरी मॉनिटर टेबलावर चढला. लेकीने खेळ लावला. पडद्यावर एक पडका कारखाना, आत गुडूप अंधार, आणि त्या अंधारात एका खांबामागे कुणाचा तरी खांदा चक्क दिसला. ती हरखून ओरडली. आईनेही स्वयंपाकघरातून येऊन “बाई गं, किती खरं वाटतंय” म्हणून दाद दिली.

“आता तो बंद कर,” भिंगकाका म्हणाले, “आणि नुसता राखाडी रंग लाव. सगळ्या पडद्याभर.”

ते खुर्चीत बसले. सवयीने डावा डोळा मिटला, मान पुढे काढली. आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

“हे बघ. मधोमध.”

“काय?”

“डाग. धुरकट आहे, पण आहे. ओल्या बोटाने पुसल्यासारखा.”

लेक वाकली, बाजूने बघितलं, खिडकीचा पडदा ओढून बघितलं. “मला काहीच दिसत नाहीये, बाबा.”

“तुला नाहीच दिसणार. डोळा तयार व्हावा लागतो.” त्यांच्या आवाजात राग होता, पण आत कुठेतरी समाधानही होतं. सील बाजारात मिळतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॉनिटर परत दुकानात. दुकानदाराने राखाडी रंग लावला, बघितलं, पेंगणाऱ्या नोकराला उठवून त्याला दाखवलं, एका अनोळखी गिऱ्हाइकालाही बोलावलं. कुणालाच काही दिसेना. भिंगकाका प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. सगळे मिळालेले. शेवटी दुकानदाराने हात टेकले. “काका, तुमचं समाधान महत्त्वाचं. दुसरा देतो.”

घरी आणून लावला, तर दुसऱ्यातही डाग होता. त्याच जागी, तसाच. भिंगकाकांनी मॉनिटर आडवा करून बुडाशी खूण शोधली. खूण नव्हती.

“पुसली,” ते म्हणाले. “तोच मॉनिटर, खूण पुसून पुन्हा गळ्यात मारला.”

“तुम्ही खूण केली होती?” लेकीचा आवाज चढला. “बाबा, त्या माणसाला कसं कळणार खूण कुठे आहे ते? आणि परवा माझी स्पर्धा आहे. मला हाच राहू दे. मला चालतोय हा.”

“तुला चालतोय, कारण तुला कळत नाही.”

 लेकीने दार लोटून घेतलं. भिंगकाकांनी दुकानदाराला फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते ऐकवलं. चोर म्हणाले. वापरलेला माल नव्या खोक्यात घालून विकतो म्हणाले.  मग दुकानदार म्हणाला, “आणून द्या तुमच्या सवडीने. पण पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नका.”

छापखान्यातही गेले काही आठवडे कुणी मन लावून काम करत नाही, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं. एका औषधाचं फिक्या निळ्या रंगाचं खोकं सुरू होतं. सगळा ताव सपाट निळा. असा सपाट रंग छापणाऱ्याची परीक्षाच. जरा रूळ अस्वच्छ राहिला की चट्टा उठतो. भिंगकाकांना त्या निळ्यात सारखा चट्टा दिसत होता. त्यांनी काम थांबवलं. मशीनमनने रूळ धुतले, शाई बदलली, पुन्हा ताव काढला. पुन्हा चट्टा. पुढच्या आठवड्यात तेच. मशीनमन जुना माणूस, शांत. तो ताव उजेडात धरून म्हणायचा, “काका, मला नाही हो दिसत.” ते म्हणायचे, “तुझं लक्ष हल्ली कुठे असतं, तेच मला कळत नाही.” गोष्ट मॅनेजरपर्यंत गेली. मॅनेजरने मशीनमनला यंत्रावरून काढून मागच्या बाजूला, गठ्ठे बांधायला बसवलं. नव्या माणसाच्या कामातही भिंगकाकांना अधूनमधून चट्टे दिसतच होते. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की मशीनमननेच जाता जाता यंत्रात काहीतरी करून ठेवलंय.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. बायको बहिणीकडे गेली होती आणि लेक रुसून मैत्रिणीकडे. भिंगकाकांनी ठरवलं, मॉनिटर परत द्यायचा तर पुराव्यानिशी. दुकानदाराच्या नाकासमोर बोट ठेवून दाखवायचं, की हा बघ, इथून इथपर्यंत. त्यांनी खिडकी झाकली, पडदाभर राखाडी रंग लावला, कागदाचे गव्हाएवढे तुकडे कापले आणि डिंकाची बाटली उघडली. डावा डोळा मिटून त्यांनी डागाच्या वरच्या कडेला पहिला तुकडा चिकटवला.

तुकड्याकडे नीट पाहायला गेले, तर तुकडाच धुरकट झाला. डाग आता तुकड्यावर आला होता.

आधी वाटलं, चुकून अलीकडे लावला असेल. त्यांनी दुसरा तुकडा जरा वर लावला. डाग वर गेला. तिसरा डावीकडे. डाग डावीकडे. मग त्यांनी खालून घेरायचा प्रयत्न केला. हा असला डाग त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. हा पळत होता. म्हणजे यात नक्कीच काहीतरी इलेक्ट्रॉनिक लबाडी होती. माणूस बघतोय हे ओळखून जागा बदलत होता. त्यांच्या कपाळाला घाम आला. बोटं डिंकाने चिकट झाली. एकामागून एक तुकडे ते लावत गेले, जणू खोलीत शिरलेलं काहीतरी त्यांना कोपऱ्यात कोंडायचं होतं.

लेक परत आली तेव्हा मॉनिटरवर देवीचे फोड उठावेत तसे कागदाचे तुकडे उठले होते आणि वडील त्यांच्यासमोर डिंकाने माखलेले हात मांडीवर ठेवून बसले होते.

“हे काय केलंत?”

“सापडत नाहीये,” भिंगकाका म्हणाले. “जिथे बघतो तिथे येतो.”

ती रागावूनच आत शिरली होती. त्या वाक्यावर तिचा राग जागच्या जागी थांबला. पर्स तिने हळूच पलंगावर ठेवली. मग ती वडिलांच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने आपला तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

“दुसरा डोळा उघडा. आता?”

भिंगकाकांनी डावा डोळा उघडला. समोर राखाडी पडदा होता आणि त्याच्यावर त्यांनीच लावलेले वेडेवाकडे तुकडे. त्या तुकड्यांच्या कडा स्वच्छ दिसत होत्या. बाकी काही नव्हतं.

“गेला,” ते म्हणाले.

तिने हात काढला. त्यांनी आता डावा डोळा मिटला आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. तो तिथेही होता. कॅलेंडरवर होता. वळून लेकीकडे बघितलं, तर तिच्या नाकाच्या जागी होता.

“बाबा, काही बोला ना.”

“मशीनमन,” भिंगकाका म्हणाले.

“कोण मशीनमन?”

 ते उठून मोरीत गेले आणि कितीतरी वेळ हाताचा डिंक धूत राहिले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, आतली चित्रं काढली आणि ती आपल्या मॉनिटरवर लावून दाखवली. “हा तुमच्या उजव्या डोळ्याचा पडदा. हा अगदी मधला भाग. इथे खराबी आहे.”

“तुमचं यंत्र कधी तपासलं होतं?” भिंगकाकांनी विचारलं.

“बाबा!”

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “मागच्याच महिन्यात. तरी तुम्हाला दुसरीकडे दाखवायचं असेल तर जरूर दाखवा.”

त्यांनी दुसरीकडे दाखवलं. तिथेही पडद्यावर तेच चित्र उमटलं. तेव्हा मात्र ते पहिल्या बाईंकडेच परत गेले. “आपण इंजेक्शनं देऊ,” त्या म्हणाल्या. “आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येईल असं मी कबूल करत नाही. डावा चांगला आहे, त्याला जपा. हे हळूहळू होत गेलं असणार. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, म्हणून कळत नाही.”

“मी काम एकाच डोळ्याने करतो,” भिंगकाका म्हणाले.

परतताना लेक बसमध्ये सारखी त्यांना धीर देत होती. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात आता दुसराच किडा शिरला होता, आणि हा आधीच्या सगळ्यांहून वाईट होता. इतकी वर्षं संशय घ्यायला समोर कुणीतरी असायचं. आता तो उलटा फिरला होता.

दुसऱ्या दिवशी ते टेबलावर न जाता सरळ मॅनेजरच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

मॅनेजरने उठून दार लावलं. “काका, हे आणखी कुणाला बोललात?”

“नाही.”

“मग बोलू नका. निवृत्तीला किती राहिलंय तुमच्या? रजा घ्या, इलाज करा. भिंग डाव्या डोळ्याला लावा. लोक काय म्हणतील याचा तरी विचार करा. आयुष्यभराचं नाव आहे तुमचं.”

“मशीनमनचा चट्टा माझ्या डोळ्यातला होता. त्याला परत यंत्रावर घ्या.”

“घेऊ. महिन्याभराने घेऊ, कुणाला कळणारही नाही.”

“आजच घ्या. आणि सगळ्यांना कळू द्या.” भिंगकाकांनी टेबलाची कड धरली. जे सांगायला ते खरं तर आले होते, ते अजून राहिलंच होतं. “साहेब, जे डाग नव्हते, ते मला दिसले. ते एक झालं. पण जे होते, त्यांचं काय? मी ‘चालू दे’ म्हणून सोडलेला माल गोदामात पडलाय. औषधाची खोकी आहेत ती. मी काय काय सोडलंय, मला माहीत नाही.”

मॅनेजरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. एवढा वेळ तो एका म्हाताऱ्या माणसाची समजूत घालत होता. त्याने फोन उचलला आणि गाड्या भरणं थांबवायला सांगितलं.

गोदामातले गठ्ठे फोडले गेले. तपासायला मशीनमनलाच बसवलं. संध्याकाळच्या आत त्याने एक ताव बाजूला काढला. औषध किती घ्यायचं त्या ओळीत एक आकडा अर्धाच उमटला होता. इंग्रजी आठाचा तीन झाला होता. असे आणखीही ताव निघाले. सगळे भिंगकाकांच्या हातून गेलेले.  तो ताव हातोहात फिरला आणि प्रत्येक जण तो बघून झाल्यावर मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

सगळे गेल्यावर भिंगकाका मागच्या बाजूला आले. मशीनमन फोडलेले गठ्ठे पुन्हा बांधत होता. उद्यापासून यंत्रावर ये, असा निरोप त्याला मिळाला होता, पण आजचं काम आज पुरं करायचं, हा त्याचा स्वभाव.

“मी चुकलो,” भिंगकाका म्हणाले. एवढंच पाठ करून आले होते ते.

मशीनमनने दोरी गठ्ठ्याखालून काढली. “कळलं मला.”

“तू म्हणत होतास, दिसत नाही. मी ऐकलं नाही.”

“काका, एक सांगू? तुम्ही ओरडलात त्याचं काही नाही. वरिष्ठ ओरडतात.” त्याने मान वर केली नाही. “पण मी घरी गेल्यावर बायकोला म्हणायचो, की माझंच काहीतरी चुकतंय. काकांना दिसतंय म्हणजे असणारच. रूळ इतके धुतले की हाताची सालं गेली. रात्री उठून बसायचो, की आपण करतोय काय चुकीचं. मला माझाच भरवसा वाटेनासा झाला होता. तो काही उद्या सकाळी यंत्रासोबत परत मिळणार नाही.”

 माफी मागितली की समोरचा ती देतो, अशी काहीतरी भिंगकाकांची कल्पना होती. ते तसेच उभे राहिले. 

मशीनमनने गाठ मारायला घेतली. दोरी सुटत होती. “उभेच आहात तर इथे बोट ठेवा जरा,” तो म्हणाला.

भिंगकाका वाकले आणि दोरीवर बोट दाबून धरलं. मशीनमनने गाठ आवळली. मग पुढचा गठ्ठा ओढला. दोघांनी मिळून सगळे गठ्ठे बांधले. 

भिंगकाकांनी टेबल सोडलं. निवृत्तीपर्यंत त्यांना कागदाच्या गोदामात बसवलं. तिथे कोरा कागद यायचा, तो बोटांनी चाळून आत घ्यायचा. जाडी आणि खरखर हाताला कळायची.

घरी लेकीने मॉनिटरवरचे तुकडे पाण्याने भिजवून, मऊ फडक्याने हलक्या हाताने त्याच रविवारी रात्री काढले होते. आता पडदा पुन्हा एकदा पुसून ती म्हणाली, “बघा, काहीसुद्धा राहिलं नाही.”

भिंगकाकांनी उजवा डोळा मिटून बघितलं. चकचकीत पडद्यावर डिंकाने खाल्लेल्या जागा फिक्या ठिपक्यांसारख्या स्पष्ट दिसत होत्या. बरेच होते. ती याच मॉनिटरवर स्पर्धा खेळली होती आणि तिचा संघ हरला होता. कुणामुळे हरला, हे तिने घरात एकदाही उच्चारलं नव्हतं.

“उद्या दुकानात जाऊ,” ते म्हणाले.

“कशाला? मला चालतोय हा.”

“हा मी घेतो. मला बातम्या वाचायला पुष्कळ झाला. तुला नवा. माझ्याकडून.”

“त्यांनी तुम्हाला पायरी चढायला बंदी केलीय, बाबा.”

“पायरीवर उभा राहीन. आत तू जा.”

ते खरोखरच पायरीखाली उभे राहिले. दुकानदार त्यांना बघून बाहेर आला. त्याने हाताची घडी घातली. “आता काय? तिसऱ्यातही डाग काढायचाय?”

“तुमचा माल चांगला होता,” भिंगकाका म्हणाले. रस्त्यावर माणसं होती, तरी त्यांनी आवाज बारीक केला नाही. “दोन्ही मॉनिटर चांगले होते. डाग माझ्या डोळ्यात निघाला. मी तुम्हाला चोर म्हणालो. ते परत घेतो.”

दुकानदार त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. असलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं, आणि यात काहीतरी काळंबेरं असणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. “बरं, मग? पैसे परत हवेत?”

“नको. नवा मॉनिटर हवा.”

“आणखी एक?” तो लेकीकडे वळला. “ताई, हे खरं बोलतायत ना?”

“खरं बोलतायत.”

 मग तो दारातून बाजूला झाला. “या आत. उन्हात कशाला उभे राहताय.”

या वेळी निवड लेकीने केली. दुकानदाराने चकचकीत पडद्याचा आणि मंद पडद्याचा असे दोन शेजारी शेजारी लावले. चकचकीतावर काळं जास्त खोल दिसतं, पण खिडकीचं प्रतिबिंब पडतं; मंदावर प्रतिबिंब विरतं, पण काळ्याचा जोर जरा कमी होतो. दिवसा पत्रकं भरायची असतात, असं म्हणून तिने मंद पडद्याचा घेतला. बारीक अक्षरं लावून वाचली, मग नुसता राखाडी रंग लावला आणि चारही कोपरे बघितले. भिंगकाका स्टुलावर बसून होते.

“तुम्हीही बघा, काका,” दुकानदार म्हणाला. “नंतर तक्रार नको.”

“ती बघतेय ना.”

“एकसारखा आहे,” लेक म्हणाली. “कुठे काही नाही.”

“मग बांधा.”

टॅक्सीच्या मागे जागा नव्हती, म्हणून खोकं भिंगकाकांनी मांडीवर घेतलं. ते इतकं उंच होतं, की समोरची काच, रस्ता, ड्रायव्हर, काहीच दिसेना. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला कव घातली. गाडी एकदा वळली, मग पुन्हा वळली.

“अगं,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “हा लांबून नेत नाहीये ना आपल्याला?”

लेकीने खिडकीतून बाहेर बघितलं. “नाही बाबा. बरोबर चाललाय.”

“बरं,” भिंगकाका म्हणाले आणि त्यांनी खोक्यावर हनुवटी टेकवली.